कल्याणच्या पुढचे पहिले मत

मतदानाचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. परंतु कायद्याने त्यासाठी दोन अटी घातल्या असून वय ही त्यांतील सोपी अट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, नागरिकाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि त्याखेरीज तो त्या मतदारसंघाचा सामान्यतः रहिवासी असावा लागतो. एखाद्या गावात घर नावावर आहे, एवढ्यावर तिथला मतदार होता येत नाही. तिथे खरोखर राहावे लागते, आणि राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे लागणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत ही दुसरी अट पहिल्या मताच्या अनुभवाला वेगळे वळण देते, कारण ही शहरे प्रामुख्याने बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवली आहेत, आणि इथे प्रथमच मत देणाऱ्याच्या मनात आपण मोठे झालो या जाणिवेइतकीच आपण इथले झालो ही जाणीवही प्रबळ असते.

याचा आरंभ उल्हासनगरच्या जन्माशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच अशाच नावांनी ओळखले जातात. छावणीत लोक येऊन पडत होते त्याच सुमारास, संविधान अजून तयार व्हायचे असताना, संविधान सभेच्या सचिवालयाने देशभर मतदार याद्यांचे काम सुरू केले होते. यादीत नाव येण्यासाठी ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य असावे, असा नियम ठरला होता; मात्र फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसाला तो पाळणे अशक्य होते. निर्वासितांच्या संघटनांनी ठिकठिकाणाहून पत्रे लिहून ही अडचण सचिवालयापुढे मांडली, आणि सचिवालयाने निर्वासितांपुरता निराळा निर्णय घेतला: संबंधित गावात किंवा शहरात कायम राहण्याचा आपला इरादा आहे, असे निर्वासिताने नुसते जाहीर केले तरी, तो तिथे किती दिवस राहिला आहे हे न पाहता, त्याचे नाव यादीत घ्यावे.

ऑर्निट शानी या इतिहास-अभ्यासिकेने सचिवालयाच्या कागदपत्रांवरून हा सारा व्यवहार तपशिलाने उजेडात आणला असून, भारतीय लोकशाहीच्या घडणीत या याद्यांचे स्थान किती मोठे आहे हे तिच्या अभ्यासामुळे ध्यानात येते. ज्यांचे नागरिकत्वसुद्धा कायद्याने अद्याप निश्चित झालेले नव्हते, त्या माणसांच्या शब्दावर राज्ययंत्रणेने विश्वास ठेवला आणि त्यांना भावी मतदार म्हणून लिहून घेतले. स्वातंत्र्यपूर्व काळात प्रांतिक निवडणुकांतील मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता, त्यामुळे सिंधमधून आलेल्या बहुसंख्य प्रौढांनी तोवर कधीच मत दिलेले नसणार. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ही अशा लोकांसाठी दुहेरी अर्थाने पहिली होती: आयुष्यातले पहिले मत आणि नव्या पत्त्यावरचेही पहिले मत. हातातून सगळे गेलेल्या माणसाला सरकारी यादीत घराच्या क्रमांकासह आपले नाव दिसणे, याचे मोल मतपत्रिकेपेक्षा कमी नव्हते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

त्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदले गेले होते, किमान वय २१ होते, आणि बहुतेकांना अक्षरओळख नसल्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह लावलेली वेगळी पोलादी पेटी ठेवली जात असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच काम असे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहिला. उत्तरेकडील काही राज्यांत अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची आई अशी नोंद केली होती, आणि स्वतःच्या नावाशिवाय नोंद ग्राह्य धरायची नाही, या निर्णयामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण तो योग्यच म्हटला पाहिजे. पुढच्या निवडणुकांत स्त्रियांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने होऊ लागली ती या निग्रहामुळे.

मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर आले ते ६१व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. पुढची दीर्घकाळची अडचण अर्हता दिनांकाची होती. वर्षातून १ जानेवारी ही एकच तारीख असल्यामुळे २ जानेवारीला अठरा वर्षांचे होणारे मूल जवळजवळ वर्षभर खोळंबत असे. २०२१ च्या कायदादुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा ठरवल्या, आणि आता सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही नावनोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरून ठेवता येतो. असे असूनही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात १८ व १९ वर्षांच्या सुमारे १ कोटी ८० लाख तरुणांचीच नोंद झाली होती, जी या वयाच्या एकूण तरुणांच्या निम्म्याहूनही कमी होती. यावरून तरुणांना मतदानाची आस्था नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण अठरावे वर्ष हे बारावीचे, प्रवेश परीक्षांचे आणि घर सोडून वसतिगृहात जाण्याचेही वर्ष असते. अभ्यासक मार्क फ्रँकलिन यांनी नेमका हाच मुद्दा मांडला आहे: मतदानाचा हक्क अशा वयात हाती येतो की ज्या वयात माणूस जुन्या परिसरातून सुटलेला असतो आणि नव्यात रुजलेला नसतो. डेन्मार्कमधील एका अभ्यासातही आईवडिलांजवळ राहणारी मुले घराबाहेर पडलेल्या समवयस्कांपेक्षा अधिक प्रमाणात मतदान करतात, असे आढळले आहे.

पहिल्या मतदानाच्या दिवशी मनात काय चालते, याचा विचार करताना मतदान केंद्रातील क्रम बारकाईने पाहावा लागतो, कारण भावना त्या क्रमाशी बांधलेल्या असतात. पहिली धाकधूक रांगेत उभे राहण्यापूर्वीची, नाव यादीत आहे की नाही याची असते. म्हणूनच मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरोघरी ‘स्लिप आली का’ हा प्रश्न विचारला जातो. केंद्रात, जे बहुधा शाळेच्या वर्गातच असते, पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र पाहून अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, आणि समोर बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत त्या नावावर खूण करतात. अठरा वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे संपूर्ण नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर, अनोळखी प्रौढांसमोर, अधिकृतपणे उच्चारले जाण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असतो. त्यानंतर डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई, नोंदवहीत सही, हातात चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन अधिकारी नियंत्रण यंत्रावरील कळ दाबतो, मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा उरतो. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानात निळे बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे निवडलेले चिन्ह सुमारे सात सेकंद दिसते आणि लांब बीप वाजतो. घरी वडिलांनी, गल्लीत कार्यकर्त्यांनी, मैत्रिणींनी काहीही सांगितलेले असले तरी या आडोशात कोणी डोकावू शकत नाही, आणि मताची गुप्तता राखणे हे तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. ज्या वयात खोली, फोन आणि निर्णय यांपैकी बहुतेक गोष्टी घरच्यांच्या नजरेखाली असतात, त्या वयात हा एकांत अपूर्व वाटला तर नवल नाही. बाहेर येताच शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र काढण्याची जी धडपड दिसते तिला उथळ म्हणून हिणवणे अन्याय्य आहे. काय निवडले हे सांगायचे नसते, पण निवडले हे सांगण्याचा आनंद त्यात असतो.

निवडणूकशास्त्रात या आनंदाला बरेच उशिरा स्थान मिळाले. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले होते की एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी नगण्य असते की निव्वळ फायद्यातोट्याचा हिशेब केला तर मतदानाला जाण्याचे श्रमही भरून निघत नाहीत. तरीही कोट्यवधी लोक मत देतात. तेव्हा विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशूक यांनी १९६८ मध्ये त्या हिशेबात कर्तव्यपूर्तीच्या समाधानाची भर घातली. भारतापुरते उत्तर मुकुलिका बॅनर्जी यांच्या ‘व्हाय इंडिया व्होट्स’ (२०१४) या पुस्तकात सापडते: वेगवेगळ्या राज्यांतील मतदारांनी अभ्यासकांना सांगितलेल्या कारणांमध्ये, श्रीमंत-गरीब एकाच रांगेत उभे राहतात आणि प्रत्येकाच्या मताची किंमत सारखीच असते, हे समाधान मोठे होते. रोज सकाळी बदलापूरहून निघणाऱ्या लोकलमध्ये पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग यांतील भिंत अनुभवणाऱ्या नोकरदाराला या समाधानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरही मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी कुटुंबे इथे येतच राहिली. अशा कुटुंबांत मतदार यादीचा विषय निघाला की ‘नाव गावाला आहे’ हे उत्तर हमखास ऐकू येते. कोकणातल्या, साताऱ्याच्या किंवा जळगावच्या यादीतील नाव काढून इकडे आणणे हे नमुना ८ भरून करता येणारे साधे काम आहे. तरी ते वर्षानुवर्षे लांबणीवर पडते, कारण गावाशी असलेला शेवटचा कागदोपत्री धागा तुटेल अशी भीती त्यामागे असते. या भीतीचा आदर करूनही एक गोष्ट सांगणे भाग आहे: मुले बदलापूरच्या शाळेत, पाणी बदलापूरच्या नळाचे आणि मत मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, या व्यवस्थेत नुकसान बदलापूरचे आणि त्या कुटुंबाचेही होते. कल्याण लोकसभा मतदारसंघात, ज्यात उल्हासनगर आणि अंबरनाथ येतात, २०१९ मध्ये सुमारे ४५ टक्के आणि २० मे २०२४ रोजी सुमारे ५० टक्के मतदान झाले. मे महिन्यात गावी गेलेली कुटुंबे, यादीत सापडत नसलेली नावे आणि सुट्टीच्या दिवशीचा कंटाळा अशी अनेक कारणे त्यासाठी दिली जातात. बदलापूर मुरबाड विधानसभा मतदारसंघात आणि भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडते, ही गोष्ट तर अनेक नव्या रहिवाशांना पहिल्या मतदानाच्या वेळीच कळते. लग्न होऊन आलेल्या तरुणीची स्थिती याहून नाजूक असते: तिचे नाव माहेरच्या यादीत, ओळखपत्रावर माहेरचे आडनाव, आणि सासरच्या पत्त्याचा पुरावा अजून हाती नाही, अशा अवस्थेत तिच्या पहिल्या मताची एखादी निवडणूक सहज हुकते. बदलापूर-मुरबाड पट्ट्यातील कातकरी कुटुंबांचे दुखणे आणखी खोल आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या या आदिम जमातीच्या बाबतीत ‘सामान्यतः रहिवासी’ कुठला, या प्रश्नाचे उत्तर १९४८ च्या उदारतेने दिले जावे, अशी अपेक्षा गैरवाजवी नाही.

तथापि या तीन शहरांतील पहिल्या मताची सर्वांत गंभीर कथा स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे, आणि तिच्यात दोष मतदाराचा मुळीच नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगर परिषदांची निवडणूक २२ एप्रिल २०१५ रोजी झाली; मे २०२० मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. उल्हासनगर महानगरपालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली होती, तिची मुदत २०२२ मध्ये संपली. आधी करोनाची साथ आली, मग ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या बंधनकारक केल्या, त्यानंतर प्रभागरचनेचे कायदे बदलत राहिले आणि प्रकरण न्यायालयात अडकून पडले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मर्यादा घातली. बदलापुरात २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, तिथल्या काही प्रभागांचे आणि संपूर्ण अंबरनाथचे मतदान न्यायालयीन अपिलांमुळे २० डिसेंबरपर्यंत पुढे गेले, मतमोजणी सर्वांची २१ डिसेंबरला झाली, आणि उल्हासनगरने १५ जानेवारी २०२६ रोजी मत दिले.

या तारखा एखाद्या तरुणाच्या वयाशी जोडून पाहिल्या म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. २ जानेवारी १९९७ रोजी अंबरनाथमध्ये जन्मलेल्या मुलीचे वय १ जानेवारी २०१५ या अर्हता दिनांकाला एका दिवसाने कमी पडले, त्यामुळे त्या वर्षी तिला नगरसेवक निवडता आला नाही. पुढे तिने २०१९ ची लोकसभा, २०१९ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा अशा चार निवडणुकांत देशाचे व राज्याचे सरकार निवडण्यात भाग घेतला असेल. परंतु आपल्या गल्लीतला कचरा, नाला आणि नळ यांच्यासाठी जबाबदार असणाऱ्या प्रतिनिधीला पहिले मत देईपर्यंत ती एकोणतिशीच्या उंबरठ्यावर पोहोचली. २०२५ च्या यादीसाठी १ जुलै हा दिनांक धरला गेल्यामुळे तिच्याच प्रभागात तिच्यासोबत जुलै २००७ च्या पहिल्या दिवशी जन्मलेला मुलगाही प्रथमच स्थानिक मत देत होता. एका निवडणुकीतील ‘नवमतदारां’च्या वयात दहा वर्षांहून अधिक अंतर पडावे, हे लोकशाहीच्या दृष्टीने लांच्छनास्पद आहे.

वालधुनी नदीचे प्रदूषण, उल्हासनगरमधील धोकादायक इमारती, उन्हाळ्यातील पाणीकपात, स्टेशनबाहेरची कोंडी, हे विषय महापालिकेच्या किंवा नगर परिषदेच्या दाराशी सुरू होतात. ती दारे बंद असताना वाढलेल्या पिढीला तक्रार घेऊन अधिकाऱ्याकडे किंवा समाजमाध्यमांवर जाण्याची सवय लागली. नगरसेवकाला जाब विचारायची सवय लागण्यासाठी आधी नगरसेवक असावा लागतो. मतदानाची सवय असते, हे शास्त्रीय प्रयोगानेही दाखवले आहे. अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि रॉन शाचर यांनी अमेरिकेतील न्यू हेवन शहरात १९९८ च्या निवडणुकीपूर्वी काही मतदारांना मतदानासाठी उद्युक्त केले, आणि हेच मतदार १९९९ च्या नगर निवडणुकीतही, कोणी न सांगता, इतरांपेक्षा अधिक संख्येने मतदानाला आले. एका मताने पुढचे मत सोपे होत असेल, तर एका हुकलेल्या निवडणुकीने पुढची निवडणूक अवघड होते, हे ओघानेच आले.

उशिरा मिळालेले हे मत तंत्राच्या दृष्टीनेही नवे होते. अंबरनाथ-बदलापूरच्या बहुतेक प्रभागांत दोन नगरसेवक आणि थेट नगराध्यक्ष मिळून एका मतदाराला तीन मते द्यायची होती, आणि उल्हासनगरच्या बहुतेक प्रभागांत अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार. प्रत्येक जागेसमोर एक बटण दाबेपर्यंत मतदान पूर्ण होत नाही, कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय वापरावा लागतो, आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी या निवडणुकांत नसते. विधानसभेला एक बटण दाबून बाहेर पडलेल्या तरुणाला इथे पुन्हा नवखेपण आले. बदलापुरात २ डिसेंबरला मत दिलेल्यांना तर निकालासाठी एकोणीस दिवस थांबावे लागले.

७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवली असून ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी, अशी स्पष्ट तरतूद केली आहे. त्या हिशेबाने २०३१ च्या सुरुवातीस तिन्ही शहरांत पुन्हा मतदान व्हायला हवे, आणि आज आठवी-नववीत शिकणारी मुले तेव्हा अठरा वर्षांची झालेली असतील. प्रभागरचना आणि आरक्षण यांची कामे मुदतीच्या किमान वर्षभर आधी संपवावीत, ही मागणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नागरिकांनी नव्या नगरसेवकांकडे आणि राज्य निवडणूक आयोगाकडे आतापासूनच लेखी नोंदवावी, आणि ज्यांचे नाव अजून गावाला आहे त्यांनी नमुना ८ याच वर्षी भरावा.